टाळ का थांबत नाही?

(आरे-वारे येथे दिंडीच्या शताब्दी सोहळ्यात झालेल्या भाषणाचा मजकूर)





शताब्दीनिमित्त चार शब्द बोला, असा निरोप आला. कीर्तन काही आम्हाला येत नाही. आम्ही लोकांचे अर्ज लिहून देणारी माणसं. तेव्हा अर्जाबद्दलच बोलतो, पण सुरुवात वारीपासून करतो.

हैबतबाबा आरफळकरांनी माऊलींच्या सोहळ्याला जी शिस्त लावून दिली, तिच्यातली समाजआरती आपल्याला ठाऊक आहे. मुक्कामाच्या तळावर चोपदार चोप उंच करतात आणि एवढा मोठा समाज शांत होतो. मात्र ज्या दिंडीची काही तक्रार असेल, तिचा टाळ वाजतच राहतो. चोपदार तिच्यापाशी जातात, गाऱ्हाणं ऐकून घेतात. टाळ वाजवला म्हणून त्या दिंडीवर कोणी रागवत नाही. तो रिवाजच आहे.

आता कचेरीत बघा. तिथे आपण हात जोडून उभे राहतो आणि "उद्या या" म्हटलं की मुकाट्याने परत येतो. आपल्यातल्या एका मावशींचं निराधार योजनेचं अनुदान बंद झालं. तीन खेपा झाल्या, एसटीचं भाडं गेलं, पण कारण कोणी सांगेना. मग आम्ही माहितीच्या अधिकारात साध्या कागदावर अर्ज लिहिला, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टँप लावला. विचारलं एवढंच: अनुदान कोणत्या तारखेपासून थांबलं, कोणाच्या सहीने, आणि कोणत्या कारणाने? उत्तर आलं की हयातीचा दाखला फाईलमध्ये नाही. दाखला पुन्हा दिला, अनुदान सुरू झालं. मधल्या महिन्यांचे पैसे अजून आलेले नाहीत. त्यासाठीचा अर्ज पोच घेऊन दिलेला आहे.

हा अधिकार कोणी आयता दिलेला नाही. राजस्थानात मजूर-शेतकऱ्यांनी आपल्या मजुरीचे कागद बघायला मागितले आणि १९९६ साली ब्यावरला चाळीस दिवस धरणं धरलं. आपल्याकडे अण्णा हजारे उपोषणाला बसले. महाराष्ट्राचा कायदा २००२ चा, देशाचा २००५ चा. तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं. नाही आलं तर वरिष्ठाकडे अपील, पुढे माहिती आयोग. कसूर ठरली तर अधिकाऱ्याला दिवसाला अडीचशे रुपये दंड होऊ शकतो. २०१५ पासून लोकसेवा हक्काचा कायदाही आहे. ठरलेला दाखला ठरलेल्या मुदतीत मिळाला पाहिजे, नाकारला तर कारण लेखी दिलं पाहिजे.

काही मंडळी म्हणतात, वारकऱ्याने या भानगडीत कशाला पडावं? त्यांना आम्ही आपल्याच जिल्ह्यातलं उदाहरण देतो. साने गुरुजी दापोलीजवळच्या पालगडचे. पंढरपूरचं मंदिर हरिजनांना खुलं व्हावं म्हणून १ मे १९४७ पासून ते दहा दिवस तिथेच, तनपुरे महाराजांच्या मठात, उपोषणाला बसले. विठोबा सगळ्यांचा, असं आपण भजनात म्हणत होतो. दार मात्र सगळ्यांना उघडं नव्हतं. त्याबद्दल कोणीतरी विचारावं लागलं. हक्क कागदावर असणं आणि हाताला लागणं यांत केवढं अंतर असतं, ते तेव्हाही दिसलं आणि आजही दिसतं.

मात्र दुसऱ्याला हिशोब विचारायचा तर आपला आधी उघडा हवा. दिंडीच्या भिशीचा जमाखर्च सगळ्यांसमोर वाचला जावा, एवढं आपण करूच. मग ग्रामपंचायतीचा जमाखर्च विचारायला आपल्याला संकोच वाटणार नाही. वर्षाला किमान चार ग्रामसभा घ्याव्या लागतात. पंधरा टक्के किंवा शंभर मतदार, यांतली जी संख्या कमी तेवढे हजर नसतील तर सभा तहकूब होते. भजनाला जेवढे जमतो, तेवढे सभेलाही जमू या. बोलायचं ते गोडीने बोलू या. समोरचा कारकूनही कोणाचा तरी मुलगा आहे. पण उत्तर घेतल्याशिवाय उठायचं नाही, आणि अर्ज दिला की तारखेची पोच घ्यायची.

शताब्दीची आठवण म्हणून आम्ही एक गोष्ट ठरवली आहे. दर एकादशीला भजन आटोपलं की देवळाच्या ओसरीवर तासभर अर्ज लिहून द्यायला बसणार. ज्यांचं काम अडलं असेल त्यांनी असतील ते कागद घेऊन यावं. ज्यांना लिहिता येतं त्यांनी पेन घेऊन यावं. माणसं कमी पडतात.

राम कृष्ण हरी!