पाण्यातील बुडबुडे आणि सूर्यप्रकाश



वनस्पती सूर्यप्रकाशात अन्न तयार करतात, हे वाक्य मुले पाठ करतात. पडताळून मात्र क्वचितच पाहतात. १७७९ साली यान इंगेनहाउस या डच वैद्याने इंग्लंडमध्ये हिरवी पाने पाण्यात बुडवून निरीक्षण केले. उन्हात पानांवर प्राणवायूचे बुडबुडे येत, अंधारात ते थांबत. याचे कारण उन्हाची ऊब नसून प्रकाश आहे, हे त्याने दाखविले.

हा प्रयोग शाळेत सहज करता येतो. काचेच्या बरणीतील पाण्यात चिमूटभर खाण्याचा सोडा घालावा. हायड्रिला या पाणवनस्पतीची ताजी डहाळी, कापलेले टोक वर येईल अशी, खडा बांधून बुडवावी. प्रथम उन्हात व मग सावलीत, थोडा वेळ थांबून, मिनिटाला किती बुडबुडे निघतात ते मुलांकडून मोजवावे. डहाळी व पाणी तेच असावे; बदलावा तो केवळ प्रकाश. पाणी तापू नये म्हणून बरणी थंड पाण्याच्या परातीत ठेवावी.

आकडे अपेक्षेप्रमाणे आले नाहीत, तरी ते खोडू नयेत. डहाळी शिळी होती काय, पाणी तापले होते काय, याचा शोध मुलांनीच घ्यावा. स्वतः मोजलेला आकडा प्रामाणिकपणे लिहिण्याची सवय याच वयात लागते.