पन्नाशीतली पहिली मोटारसायकल
(इंदिरानगरमधील ठेवीदारांच्या बैठकीत केलेले भाषण)



तुमच्यापैकी काही जणांनी विचारलं होतं, ‘आयुष्यभर बसने गेलो, २०११ पासून मेट्रोने जातो. आता मोटारसायकल शिकायची हौस आहे. त्यासाठी ठेव मोडू का?’ हौस जरूर करा. मात्र क्रम चुकवू नका. आधी परवाना, मग गाडी, आणि त्यानंतर कर्जाचं बोलणं. बहुतेक जण नेमका उलटा क्रम धरतात आणि तिथेच पैसे जातात.

परवान्यापासून सुरुवात करू. चाळिशी ओलांडलेल्यांना अर्जासोबत डॉक्टरांचं प्रमाणपत्र लागतं. शिकाऊ परवाना सहा महिने चालतो आणि तीस दिवसांनंतर पक्क्या परवान्याची चाचणी देता येते. अर्जात ‘गिअरसह’ लिहा. त्यावर स्कूटरही चालवता येते, पण बिनगिअरच्या परवान्यावर मोटारसायकल चालवता येत नाही. परवाना नसताना अपघात झाला, तर हप्ता भरूनही विमा कंपनी तुमच्या गाडीची भरपाई नाकारू शकते.

या महिन्याभराच्या सरावात कदाचित कळेल की आपल्याला स्कूटरच बरी. ते गाडी घेण्याआधी कळलेलं बरं.

आता गाडी. शोरूममध्ये रंग नंतर पाहा. आधी गाडीवर बसा. दोन्ही पाय जमिनीला टेकतात का? इंजिन बंद ठेवून गाडी चार पावलं मागे ढकलता येते का? हीरो स्प्लेंडर प्लसचं वजन सुमारे ११२ किलो, रॉयल एनफिल्ड क्लासिक ३५०चं सुमारे १९५ किलो. शंभर फुटी रस्त्यावरच्या गर्दीत थांबत-थांबत जाताना हे जास्तीचे ८० किलो नवशिक्याच्या गुडघ्यांना जाणवतात. गाडी पडली तर एकट्याने उचलायचीही असते. भारी गाडी दोन वर्षांनीही घेता येईल.

किंमत विचारताना ‘ऑन-रोड’ आकडा लेखी मागा. त्यात नोंदणी, कर्नाटकचा आजीवन कर आणि पाच वर्षांचा थर्ड पार्टी विमा धरलेला असतो. आयएसआय हेल्मेटचे पैसे वेगळे धरा, आणि मागे कोणी बसणार असेल तर दोन हेल्मेट. निवृत्तीनंतर सांगली-साताऱ्याला परतायचा बेत असेल तर आणखी एक गोष्ट. बारा महिन्यांपेक्षा जास्त काळ गाडी महाराष्ट्रात ठेवली की तिथे नव्याने नोंदणी करून कर भरावा लागतो. बेळगावला परतणाऱ्यांना ही अडचण नाही.

शेवटी कर्ज. समजा, ८०,००० रुपये तीन वर्षांसाठी हवेत आणि विक्रेता म्हणतो, ‘फक्त दहा टक्के, फ्लॅट.’ फ्लॅट म्हणजे तुम्ही मुद्दल फेडत गेलात तरी व्याज पूर्ण ८०,०००वरच लागतं. व्याज होतं २४,००० आणि हप्ता सुमारे २,८८९. हेच दहा टक्के घटत्या शिलकीवर असतील, तर व्याज सुमारे १२,९०० आणि हप्ता सुमारे २,५८१. म्हणजे तो ‘दहा टक्के फ्लॅट’ प्रत्यक्षात जवळजवळ १८ टक्के पडतो.

हे ओळखायचं कसं? १ ऑक्टोबर २०२४ पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार कर्ज देणाऱ्याने मुख्य तथ्यांचं पत्रक द्यायचं असतं. त्यात खर्चासकट वार्षिक दर लिहिलेला असतो. सही करण्याआधी तो आकडा शोधा, आणि दोन ठिकाणच्या कर्जांची तुलना त्याच आकड्यावर करा.

आणि ठेव? मुदतीआधी मोडली तर व्याज कमी होतं. त्याऐवजी आपल्या बँकेत ठेवीवर कर्ज विचारा. त्याचा दर साधारणपणे ठेवीच्या दराहून एक-दोन टक्केच जास्त असतो, आणि ठेवीवरचं व्याज चालू राहतं. मात्र औषधपाण्यासाठी राखलेल्या ठेवीला हात लावू नका. ती गहाणही ठेवू नका.

तेव्हा उद्या शोरूमकडे न जाता आधी डॉक्टरांकडे जा, प्रमाणपत्रासाठी. गाडी कुठे पळून जात नाही.