रोहटी : एकाच जातीचा वंश

धाराशिव जिल्ह्यांतून बालाघाटाची डोंगररांग जाते. तिच्या एका उतारावर पडलेलें पाणी तेरणा व मांजरा यांच्या वाटेनें गोदावरीस मिळतें. दुसऱ्या उतारावरचें सीना व भीमा यांतून कृष्णेकडे जातें. एकाच मेघाच्या जलाची अशी ताटातूट होते. परंतु या दोन्ही महानद्यांच्या खोऱ्यांत आढळणारा एक लहानसा मासा आहे. शास्त्रांत त्याला 'रोहटी ओगिल्बी' असें नांव आहे.

कर्नल विल्यम हेन्री साइक्स हे कंपनी सरकारच्या वतीनें दख्खनची सांख्यिकी माहिती गोळा करीत असत. त्यांनीं केलेलें येथील माशांचें वर्णन १८३९ सालीं लंडन येथें प्रसिद्ध झालें. कोळ्यांच्या तोंडचीं नांवें त्यांनीं टाकून दिलीं नाहींत. कित्येकांना लॅटिन पेहराव चढवून शास्त्रांत बसविलें. 'रोहटी' हें त्यांपैकींच एक होय. 'ओगिल्बी' हें पद मात्र विल्यम ओगिल्बी या प्राणिशास्त्रज्ञाच्या गौरवार्थ आहे.

हा मासा रुपेरी असून दोन्ही बाजूंनीं चपटा असतो. लांबी वीतभरही भरत नाहीं. पाठीच्या परांतील बळकट कांटा करवतीसारखा दांतेरी असतो, आणि त्या पराच्या पुढें एक लहान आडवा कांटा असतो. पूर्वीं या वंशांत आणखीही जाती गणीत. पुढें त्या 'ओस्टिओब्रामा' या निराळ्या वंशांत गेल्या. आतां रोहटी वंशांत ही एकच जात उरली आहे.

या एकटेपणाचा अर्थ ध्यानीं घेतला पाहिजे. ज्या वंशांत पुष्कळ जाती असतात, त्यांतील एक गेली तरी तिचे भाऊबंद मागें राहतात. येथें जात गेली कीं वंशच बुडाला! आज हा मासा नामशेष होण्याच्या पंथास लागलेला मानीत नाहींत, हें खरें. पण येथील नद्या पावसावर जगतात. २०१६ च्या अवर्षणांत मांजरा धरण कोरडें पडलें, तेव्हां लातूरकरांसाठीं मिरजेहून आगगाडीनें पाणी आणावें लागलें. माशांना आगगाडी कोठून मिळणार? उन्हाळ्यांत नदीची धार तुटली म्हणजे खोल डोह हेंच त्यांचें आश्रयस्थान. वाळूच्या उपशानें नदीचें पात्र खरवडून काढलें, अगर डोह गाळानें भरूं दिले, तर पुढच्या पावसाळ्यापर्यंत जगावयाचें कोणीं?

धरणांत पाणी सांठविण्याइतकेंच नदीचे डोह राखणेंही अगत्याचें आहे. लंडनच्या ग्रंथांत गेलेलें हें नांव मूळचें येथल्या पाण्यांतलें. तें केवळ ग्रंथांतच उरूं नये.