चौकटीवरची खूण



हाडांच्या आरोग्यावरच्या या दोन दिवसांच्या परिषदेत स्वागत समितीच्या वतीनं मी आपलं मनापासून स्वागत करते. यवतमाळला पाहुण्यांची सवय आहे. १९७३ साली गदिमांच्या आणि २०१९ साली अरुणा ढेरे यांच्या अध्यक्षतेखाली इथे साहित्य संमेलन भरलं. पहिल्या वेळी मी शाळकरी मुलगी होते, आईचं बोट धरून मांडवात गेले होते. आज या माइकसमोर उभी राहताना तीच आई आठवते आहे, आणि आजच्या विषयाशी तिचा फार जवळचा संबंध आहे.

आत येताना नोंदणीच्या टेबलाशेजारी एक जुनी सागवानी फळी उभी केलेली तुम्ही पाहिली असेल. ती आमच्या जुन्या घराच्या स्वयंपाकघराच्या चौकटीची आहे. घर पाडलं तेव्हा मी ती मागून घेतली. आम्हा भावंडांच्या उंचीच्या पेन्सिलीच्या रेघा तिच्यावर आहेत. त्यांच्या वरच्या बाजूला एक रेघ आहे, तिच्यासमोर ‘आई’ असं माझ्या अक्षरात लिहिलं आहे. आमच्या हट्टापायी आई एकदा चौकटीला पाठ लावून उभी राहिली होती. आईच्या नावाची दुसरी रेघ मी तीस वर्षांनी ओढली. ती पहिलीच्या चार बोटं खाली आहे.

मधल्या काळात आई अधूनमधून विचारायची, “हे फडताळ कुणी वर सरकवलं गं?” हळदीच्या डब्याला तिचा हात पुरेनासा झाला होता. आम्ही डबा खालच्या फळीवर ठेवला. एकदा तुरीचं गाठोडं उचलताना तिच्या पाठीत कळ आली आणि ती तीन आठवडे अंथरुणावर होती. आलागेला प्रत्येक माणूस म्हणाला, वय झालं आता. मीही तेच म्हणाले. मी एमबीबीएस झालेली, त्या वेळी वीस वर्षं प्रॅक्टिस केलेली डॉक्टर होते. मी तिला कॅल्शियमच्या गोळ्या लिहून दिल्या आणि माझ्या ओपीडीत परत गेले.

आईला दमा होता. नात्यातलं कुणीतरी तिच्यासाठी दूरच्या एका माणसाकडून पांढऱ्या पुड्या आणायचं. पुडी घेतली की तासाभरात छाती मोकळी व्हायची. चार वर्षं ती त्या घेत होती. चेहरा भरला, गाल वर आले. तब्येत सुधारली, असं सगळे म्हणायचे. त्या पुड्यांत स्टिरॉइड कुटून घातलेलं होतं, हे मला ती न्हाणीघरात पडून खुबा मोडल्यावर कळलं, ज्यांनी तिचं ऑपरेशन केलं त्या सर्जननी विचारल्यावर. त्यांनी एकच प्रश्न विचारला होता: “हाड इतकं पोकळ कशानं झालं?” हा प्रश्न मी घरात असून कधी विचारला नव्हता. अकरा महिन्यांनी आई गेली.

ही हकीकत मी सहानुभूतीसाठी सांगत नाही. आपल्या भागातल्या दवाखान्यांत रोज म्हातारी बाई वाकत वाकत येते आणि ‘वय झालं’ हा शेरा घेऊन परत जाते. वय हे हाड झिजण्याच्या अनेक कारणांपैकी एक आहे. पण ते एक नाव घेतलं की बाकीची कारणं शोधायची थांबतात.

आपली भाषाही इथे थोडी घोटाळा करते. गुडघ्याच्या सांध्यातली कूर्चा घासली तरी आपण ‘झीज’ म्हणतो आणि हाडातलं हाडपण कमी झालं तरी ‘झीज’च म्हणतो. पेशंट सांगतो, ‘मणक्यात गॅप आहे’, आणि त्या गॅपच्या मागे दबलेला मणका आहे की सरकलेली चकती, हे बघायचं राहून जातं. गुडघा दुखतो म्हणून माणूस डॉक्टरकडे येतो. हाड मात्र पोकळ होताना दुखत नाही, ते मोडल्यावरच कळतं.

हाड हे आतून सतत बदलत असतं. ऑस्टिओक्लास्ट नावाच्या पेशी जुनं हाड खरवडून काढतात आणि ऑस्टिओब्लास्ट पेशी तिथे नवं भरतात. मोठ्या माणसाच्या सांगाड्याचा सुमारे दहावा हिस्सा दर वर्षी असा नवा होतो. खरवडायला दोन-तीन आठवडे पुरतात, तोच खड्डा भरायला तीन-चार महिने लागतात. त्यामुळे खरवडणं थोडं जरी वाढलं किंवा भरणं थोडं जरी मंदावलं, तरी तोटा साचत जातो. स्टिरॉइड तर दोन्हीकडून मारतं. भरणाऱ्या पेशी मरतात, खरवडणाऱ्या जास्त दिवस जगतात, शिवाय आतड्यातून कॅल्शियम कमी शोषलं जातं. नुकसान सगळ्यात वेगानं होतं ते पहिल्या काही महिन्यांत. १९४८ साली फिलिप हेंच यांनी संधिवाताच्या रुग्णाला कॉर्टिसोन दिलं तेव्हा तो चमत्कार वाटला, दोन वर्षांत नोबेल मिळालं, आणि ते औषध आजही असंख्य जीव वाचवतं. माझं भांडण औषधाशी नाही, नाव न सांगता दिलेल्या पुडीशी आहे.

संशोधकांपुढे मी व्हिएन्नातली एक जुनी गोष्ट ठेवते, कारण ती मला फार मोलाची वाटते. शंभर वर्षांपूर्वी तिथल्या एका ट्राम कंडक्टरची हाडं मऊ होऊन मोडू लागली होती. अशा रुग्णांच्या गळ्यातल्या पॅराथायरॉइड ग्रंथी मोठ्या झालेल्या दिसत. त्या काळची समजूत अशी, की हाडं बिघडली म्हणून ग्रंथी मदतीला धावून वाढली आहे. तेव्हा फेलिक्स मांडल या सर्जननी आधी त्याला आणखी ग्रंथी बसवून पाहिली. गुण आला नाही. मग १९२५ साली त्यांनी गळा उघडला, तिथली गाठ काढली, आणि तो माणूस काठी घेऊन चालू लागला. ग्रंथीच हाडातलं कॅल्शियम ओढून घेत होती. ज्याला इलाज समजत होते तेच कारण निघालं. पुढे त्याचा आजार उलटला, हेही खरं. पण त्या एका गळ्यातून जगाला हायपरपॅराथायरॉइडिझम कळला. आज आपल्याकडे रक्तातलं कॅल्शियम तपासायला फारसा खर्च येत नाही, आणि तरी कितीतरी मोडक्या खुब्यांच्या फायलीत तो आकडा नसतो.

आता आमच्या जिल्ह्याकडे येते. पांढरकवडा परिसरातल्या भूजलात फ्लोराइड आहे. त्यावर २००७ साली शोधनिबंधही प्रसिद्ध झाला. पिण्याच्या पाण्यात लिटरला दीड मिलिग्रॅमच्या वर फ्लोराइड नसावं असं आपलं मानक सांगतं. जास्त गेलं तर दातांवर तपकिरी पट्टे येतात, वर्षानुवर्षं गेलं तर पाठीचा कणा लाकडासारखा ताठ होतो. त्याच्या एक्स-रेत हाड पांढरंशुभ्र, दाट दिसतं, आणि दाट दिसतं म्हणून आपण निर्धास्त होतो. मेयो क्लिनिकच्या डॉक्टरांनी हीच आशा धरून ऑस्टिओपोरोसिस झालेल्या बायकांना फ्लोराइड देऊन पाहिलं. १९९० साली निकाल छापून आला: कण्याची घनता ३५ टक्क्यांनी वाढली, मणके मोडण्याचं प्रमाण काही कमी झालं नाही, उलट हातापायांची हाडं जास्त मोडली. आमच्या बोअरवेलला हे आधीपासून ठाऊक होतं, आम्ही तिला विचारलं नव्हतं. आणि याच्याही आधी, १९७३ साली, हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेतल्या कृष्णमाचारी आणि कमला कृष्णस्वामी यांनी ‘लॅन्सेट’मध्ये फ्लोरोसिसच्या भागातल्या, गुडघे आत वळलेल्या तरुणांबद्दल लिहिलं होतं. त्यांच्या हातापायांची हाडं दाट झालेली नव्हती, विरळ झालेली होती. तेच फ्लोराइड एका शरीरात हाड दगडासारखं करतं आणि दुसऱ्यात पोकळ. खाण्यातल्या कॅल्शियमचा त्यात हात आहे, पण तो एकटाच आहे का, हे तुम्ही आम्हाला सांगायचं आहे. फ्लोराइड काढायला तुरटी आणि चुना वापरण्याची नलगोंडा पद्धत नागपूरच्या ‘नीरी’ या संशोधन संस्थेनं शोधली, याचा विदर्भाची मुलगी म्हणून मला अभिमान आहे.

दुसरं कारण मराठवाड्यातलं आहे. त्यावर बोलताना आवाज शांत ठेवणं मला जड जातं. बॉस्टनच्या फुलर ऑलब्राइट यांनी १९४१ च्या सुमाराला दाखवून दिलं की पाळी गेल्यावर इस्ट्रोजेन आटतं आणि बाईची हाडं विरळ होतात. आमच्या अनेक ऊसतोड भगिनींची पाळी तिशीत, कधी त्याआधीही, ऑपरेशननं जाते. २०१९ साली नीलम गोऱ्हे यांच्या समितीनं बीड जिल्ह्यातल्या ८२ हजारांवर ऊसतोड महिलांची पाहणी केली. त्यांतल्या १३ हजारांहून जास्त जणींची गर्भाशयं काढलेली निघाली. कितीतरी जणींच्या अंडाशयांचं काय झालं हे त्यांच्या कागदांवर नीट लिहिलेलंही नसतं. मोळी डोक्यावर घेऊन ट्रकच्या फळीवर चढणारी ही बाई पन्नाशीला पोचेल तेव्हा तिच्या मणक्याचं काय झालं असेल? त्यांच्या हाडांचा अभ्यास कुणीतरी हाती घ्यावा, ही माझी या सभागृहातली पहिली मागणी आहे.

दुसरी मागणी मुलांसाठी. पुण्याच्या जहांगीर रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये अनुराधा आणि वामन खाडिलकर यांनी आपल्या मुलांच्या हाडांची आपली मापं तयार करण्याचं काम वर्षानुवर्षं केलं. इतकं ऊन असलेल्या देशात दिवसभर घरात राहणाऱ्या मुलांना मुडदूस होतो, हेही त्यांच्या गटानं पुण्यातच पाहिलं. हे काम आदिवासी आश्रमशाळांपर्यंत आणा. सिकलसेलमुळे ऐन तारुण्यात खुब्याचा गोळा मरतो, अशी मुलं आमच्याकडे आहेत. त्यांची हाडं कुठल्या तक्त्यावर मोजायची, हे आम्हाला माहीत नाही.

मूलभूत संशोधन करणाऱ्यांना मी वेगळं काय सांगू? १९९७ साली अमेरिकेतल्या आणि जपानमधल्या दोन गटांनी स्वतंत्रपणे ऑस्टिओप्रोटेजेरिन हे प्रथिन शोधलं आणि खरवडणाऱ्या पेशींचा लगाम कुठे आहे ते कळलं. तेरा वर्षांत त्यातून औषध बाजारात आलं. तुमचं काम आमच्या खाटेपर्यंत पोचतं, यावर माझा विश्वास आहे.

आणि आशाताई, तुमच्यासाठी. हाडांची घनता मोजणारं डेक्साचं यंत्र आमच्या बहुतेक पेशंटनी पाहिलेलंही नाही. पण भिंत आणि फूटपट्टी प्रत्येक उपकेंद्रात आहे. पन्नाशीच्या पुढच्या प्रत्येक बाईची उंची दर वर्षी एकदा लिहून ठेवा. दोन बोटं कमी झाली तर पुढे पाठवा, आणि पाठवताना तीन गोष्टी चिठ्ठीत लिहा: ती कुठल्या गोळ्या किंवा पुड्या घेते, पिशवीचं ऑपरेशन कितव्या वर्षी झालं, आणि कुठल्या विहिरीचं पाणी पिते.

व्यवस्थेबद्दल थोडं. पिण्याचं पाणी तपासून आणलं आहे, प्रत्येक जारवर फ्लोराइडचा आकडा चिकटवला आहे. जेवण दोन्ही दिवस मांडवाबाहेर, उन्हात वाढलं जाईल. ज्वारीची भाकरी, तिळाची चटणी, कढी आणि आंबाडीची भाजी आहे. वर्धा मार्गावरून उशिरा पोचणाऱ्यांसाठी एक पंगत राखून ठेवली आहे. काही कमी पडलं तर पिवळी फीत लावलेल्या मुलींना सांगा, त्या नर्सिंगच्या विद्यार्थिनी आहेत.

आणि बाहेर जाताना त्या फळीजवळ थांबा. फळीला पेन्सिल बांधून ठेवली आहे. तिथे आपली रेघ ओढा, शेजारी नाव आणि आजची तारीख लिहा. जागा भरपूर आहे. चहा उजवीकडच्या मांडवात मिळेल, पहिलं सत्र साडेदहाला सुरू होईल.