जतन केलेली मोटार विकताना



जुनी मोटार हा विषय या व्यासपीठावर काहीसा अनपेक्षित वाटेल. परंतु भारतात मोटार तयार व्हावी, हे स्वप्न पाहणारे वालचंद हिराचंद सोलापूरच्या जैन घराण्यातील होते, याचे स्मरण येथे उचित ठरेल. त्यांची प्रीमियर ऑटोमोबाईल्स कंपनी १९४४ मध्ये स्थापन झाली आणि पुढे कुर्ल्याच्या कारखान्यातून फियाट ११०० बाहेर पडू लागली. तिच्या १९५० च्या दशकातील गोलमटोल रूपाला लोकांनी 'डुक्कर फियाट' म्हटले. नाव उपहासाचे, पण त्यात जिव्हाळाच अधिक.

अशी मोटार भंगारातून उठवून उभी करताना मालकाच्या आयुष्यातील कित्येक रविवार तिच्यात जमा होतात. प्रदर्शनात तिला पारितोषिक मिळते आणि तेथूनच खरी अडचण सुरू होते. मग ती रस्त्यावर काढण्याचे धाडस होत नाही. चंद्रपूरचा पारा ४५ अंशांपुढे जातो, रबर तडकते, पेट्रोलची नळीतच वाफ होते, कोळशाची धूळ रंगावर बसते. जिच्यातून घरची मंडळी भद्रावतीच्या यात्रेस जात, ती आच्छादनाखाली उभी राहते आणि मालक तिचा राखणदार होतो. आचार्य उमास्वातींनी तत्त्वार्थसूत्रात मूर्च्छेलाच परिग्रह म्हटले आहे. त्या कसोटीने पाहिले तर गाडी विकूनही परिग्रह उरू शकतो.

राजकोटच्या ठाकोरसाहेबांची १९३४ ची रोल्स-रॉईस 'स्टार ऑफ इंडिया' १९६८ मध्ये विकली जाऊन परदेशी गेली. चार दशकांनंतर त्याच घराण्याने ती परत मिळविली. म्हणून विकणाऱ्या पिढीचा निर्णय चुकला, असे म्हणता येत नाही. परक्या हातांनी ती जपली, म्हणूनच ती परत येऊ शकली. कोल्हापूरच्या छत्रपती घराण्याची मेबॅक मात्र दसऱ्याच्या सोहळ्यात मिरवते. जिला काम आहे, तिच्या विक्रीचा प्रश्न सहसा उद्भवत नाही.

तेव्हा किमतीहून महत्त्वाचा प्रश्न, गाडी कोणाच्या हाती जाणार, हा आहे. (पुनरुज्जीवनाचा सारा खर्च क्वचितच वसूल होतो, हे व्यापारी समाजास सांगावयास नको.) जुन्या गाडीत डिझेल इंजिन बसवून तिचे वाटोळे करणारे अनेक झाले. २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार ५० वर्षांहून जुनी, मूळ स्वरूपातील गाडीच 'व्हिंटेज' म्हणून नोंदता येते. सांगाडा, बॉडी वा इंजिन यांत मोठा फेरबदल चालत नाही आणि व्यावसायिक वापरही नाही. म्हणजे लग्नाच्या वरातीसाठी भाड्याने देऊ इच्छिणारा ग्राहक येथेच बाद होतो.

विक्रीची वेळही मालकाने स्वतः ठरवावी. मुले पुण्यात वा परदेशी स्थिरावली, कार्बोरेटर जुळविणारा मिस्त्री थकला, तरी निर्णय लांबणीवर पडतो. अखेर वारसांना तिची कळ ठाऊक नसते आणि ती वजनावर जाते. मालकाचे हात चालत आहेत तोवर नव्या धन्यास शेजारी बसवून तिच्या खोडी समजावता येतात. व्यवहारानंतर ९० दिवसांत दोघांनीही परिवहन विभागास कळवावे लागते. मूळ नोंदणीपुस्तक, सुट्या भागांची बिले आणि भंगारावस्थेतील छायाचित्रे मात्र किल्लीबरोबर त्याच दिवशी द्यावीत.