सोसायटीच्या रुळांवर कोणतं डिझेल इंजिन?
(रौप्यमहोत्सवी छंद-मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



वाचनालयाच्या खोलीत मुलांसाठी छोटी रेल्वे मांडायची ठरलं, रूळ आणि डबे देणगीत आले. राहिलं इंजिन. दुकानदाराने साडेचौदा हजार सांगितले. आपल्या खजिनदारांनी विचारलं, "एवढ्या पैशात खेळणं?" प्रश्न रास्त आहे, पैसे सगळ्यांचे आहेत. म्हणून इंजिन दहा दिवस घरी आणून माझ्या रुळांवर चालवलं. काय दिसलं ते सांगतो.

इंजिन आहे डब्ल्यूडीएम-2. कल्याणच्या डिझेल शेडमुळे आपल्याकडच्या अनेकांना हे परिचयाचं. मूळ अमेरिकेच्या अल्को कंपनीचं डिझाइन, 1962 पासून भारतात आलं, मग वाराणसीला बनू लागलं. सोळा सिलिंडर, 2600 अश्वशक्ती. मॉडेल 1:87 प्रमाणाचं आहे, त्याला एचओ म्हणतात. खरं इंजिन 17.12 मीटर, म्हणजे मॉडेल साधारण 19.7 सेंटिमीटर हवं. फूटपट्टी लावली, बरोबर भरलं.

रुंदीत मात्र गोम आहे. एचओचे रूळ 16.5 मिलिमीटरचे, ते परदेशातल्या 1435 मिलिमीटर गेजच्या हिशोबाने. आपला ब्रॉडगेज 1676, त्याचे 87 भाग केले तर 19.3 येतात. त्यामुळे समोरून बघितलं की अंगावर कोट मोठा आणि पायात चप्पल लहान असं दिसतं. हा दोष या इंजिनाचा नाही. साध्या एचओ रुळांवर चालणाऱ्या कुठल्याही भारतीय ब्रॉडगेज मॉडेलला तो सोसावा लागतो.

दुसरी गोष्ट जाणकारांच्याच डोळ्यांत भरेल. खऱ्या इंजिनाच्या बोगीत तीन आस असतात आणि त्यांच्यातली अंतरं सारखी नसतात. या मॉडेलमध्ये ती सारखी आहेत. म्हणजे सांगाडा दुसऱ्याच इंजिनाचा, वर आपली टोपी. मला खटकलं, खोटं कशाला बोलू! पण मुलांना खटकणार नाही.

आता चालीकडे वळू, कारण पैसे वसूल होतात ते इथे. वेगाने पळणं कोणालाही जमतं, हळू चालणं अवघड. शाळेची तीस सेंटिमीटरची पट्टी रुळाशेजारी ठेवली. एवढं अंतर इंजिनाने न अडखळता वीस सेकंदांत कापलं तर ते प्रमाणात ताशी पावणेपाच किलोमीटर, म्हणजे माणसाच्या चालीने. याला बावीस सेकंद लागले, एकदाही धक्का नाही. ताशी साठचा वेग हवा असेल तर एक मीटर पाच सेकंदांत जायला हवं. मुलं हँडल पूर्ण फिरवणार आणि ते विमान होणार, हे मला दिसतंच आहे!

मग कागदाची परीक्षा. वीज दोन्ही रुळांतून चाकांवाटे मोटरला मिळते. एका बोगीखाली कागद सरकवला. तरी इंजिन चालू राहिलं, म्हणजे दुसरी बोगी एकटीच दोन्ही रुळांतून वीज घेते. आपल्याकडे धूळ आणि पावसाळ्यातली दमट हवा, रुळांवर काळा थर बसतोच. स्वस्त इंजिनं सांध्यांच्या जागी थबकतात, मग मुलं बोटाने ढकलतात आणि आतले प्लास्टिकचे दाते जातात. माझ्या मते साडेचौदा हजारांतले निम्मे या एका गुणाचे.

ओढायची ताकदही पाहिली. सपाटीवर आठ डबे आरामात. कसारा घाटाची चढण 37 ला 1, तेवढीच फळीवर केली तर चार डबे चढले, पाचव्याला चाकं जागीच फिरली. खऱ्या गाड्यांनाही तिथे मागून इंजिनं लावावी लागतात, त्यामुळे तक्रार नाही. चाकांना रबर चढवलं तर पकड वाढेल, पण रबराचं चाक वीज घेत नाही. तसं करू नये.

आवाजाची चिप घ्यावी का, असं एका काकूंनी विचारलं. आता नको. आत आठ भोकांचं सॉकेट आहे, पुढे हौस वाटली तर बसवता येईल.

तेव्हा इंजिन घ्यावं असं माझं मत आहे. दोन अटी मात्र आहेत. 18 इंच त्रिज्येच्या वळणावर त्याची मधली चाकं दोनदा उतरली, 22 इंचांवर एकदाही नाही. आपलं टेबल चार फूट रुंद आहे, त्यावर 22 इंच बसतं, पण कडेला दोनच इंच उरतात. तिथे फळीची कड लावून घ्यावी, नाहीतर इंजिन थेट फरशीवर. आणि बाजूचे तारेचे कठडे फार नाजूक आहेत, ते मुलांच्या हाती देण्याआधी मी काढून डबीत ठेवतो. टेबल तयार झालं की सचिवांनी मला फोन करावा, बिल दुकानदाराकडून संस्थेच्या नावाने करून घेतो.