आजीचा वारसा
(आजीच्या पुण्यानुमोदनप्रसंगी केलेले भाषण)



माझी आजी निरक्षर होती. परंतु वस्तीतील एकही घर तिला परके नव्हते. कोणाचे बाळंतपण असो वा भांडण, बोलावण्यापूर्वीच ती जाऊन पोचत असे. मुलगा व मुलगी यांच्या ताटांत तिने कधी भेद केला नाही.

मजुरीच्या पैशातून बांधलेले तिचे घर आता वाटणीस आले आहे. आत्यांनी हक्कसोडपत्र लिहून द्यावे, असे काही आप्त म्हणतात. १९५६ चा हिंदू उत्तराधिकार कायदा बौद्धांनाही लागू आहे. मृत्युपत्र नसल्यास विधवेच्या अशा घरात मुलामुलींचा वाटा समान असतो. आत्यांकडे कोणीही सही मागू नये. आजीने ताटांत राखलेली समता आपण वाटणीतही राखू या.

जयभीम!